शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक : अंगणवाडीचं मूळ आपल्या बोर्डी-कोसबाडात

बोर्डी (ता. डहाणू) : गावात जा, पाड्यावर जा, अंगणवाडी सापडतेच. पोरं सकाळी तिकडं जातात, खाऊ खातात, वजन होतं, लसीची आठवण करून दिली जाते. पण अंगणवाडीला अंगणवाडी का म्हणतात, हे विचारलं तर बरेच जण गप्प बसतात. चार भिंती असतात, वर पत्रा किंवा स्लॅब असतो, मग नावात अंगण कुठून आलं?

याचं उत्तर शोधायला दिल्ली-मुंबईला जायला नको. ते आपल्याच जिल्ह्यात, बोर्डी गावात आहे. १९४५ साली इथं एक ५३ वर्षांच्या बाई मुंबईतलं जमलेलं काम मागं ठेवून आल्या. त्यांचं नाव ताराबाई मोडक. तेव्हा पालघर जिल्हा वेगळा नव्हता, सगळा ठाणे जिल्हाच होता. पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी पोरांना दोष दिला नाही, शाळाच उचलून पोरांच्या अंगणात नेली. आणि त्या अंगणात पाटी-पेन्सिलीच्या आधी शंख-शिंपले, बिया आणि माती ठेवली.

मुंबईत जन्म, बी.ए. पर्यंत शिक्षण

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. प्रार्थना समाज म्हणजे त्या काळातली सुधारक मंडळी. मुलींनी शिकावं, जातपात मानू नये, असं मानणारी. त्यामुळं मुलगी शिकली तर बिघडेल, ही भीती त्या घरात नव्हती.

१९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. ज्या काळात गावोगाव मुलींना अक्षरओळखसुद्धा नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. पुढच्या वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी लग्न झालं आणि त्या वऱ्हाडात गेल्या.

संसार मात्र टिकला नाही. १९२१ च्या सुमारास नवरा-बायको कायमचे वेगळे झाले. पदरात लहान मुलगी. शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळं होऊन एकटीनं लेक सांभाळायची, नोकरी करायची, हे किती अवघड असेल याचा अंदाज आजच्या बायकांनाही येईल. समाज काय म्हणेल याची फिकीर करत बसायला ताराबाईंकडं वेळ नव्हता. त्या लेकीला घेऊन गुजरातेत राजकोटला गेल्या. तिथं शिक्षिका तयार करणारं बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज होतं. त्या कॉलेजच्या त्या मुख्याध्यापिका झाल्या. पगार चांगला, मान चांगला. आयुष्य तिथंच स्थिर झालं असतं.

राजकोट सोडून भावनगर

त्याच सुमारास भावनगरात एक वेगळाच प्रयोग चालला होता. गिजुभाई बधेका नावाचे एक वकील कोर्टकचेरी सोडून लहान मुलांच्या मागं लागले होते. १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं होतं. पुढं लोक त्यांना मिशीवाली आई म्हणायला लागले, इतका त्यांचा मुलांना लळा.

त्या वेळची शाळा कशी होती, हे जुन्या माणसांना सांगायला नको. छडी, पाठांतर, घोकंपट्टी आणि हाताची घडी. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला शिकवायचं असतं, हीच कल्पना लोकांना नवी होती. मूल म्हणजे मातीचा गोळा, मोठी माणसं देतील तो आकार घेईल, असा समज.

भावनगरच्या बालमंदिरात उलट होतं. तिथं मारणं नव्हतं, बक्षिसाचं आमिष नव्हतं. मुलं आपापल्या आवडीची वस्तू फडताळातून घ्यायची, चटईवर बसून खेळायची, झाली की जागेवर ठेवायची. कुणी बागेत, कुणी चित्रं काढतंय, कुणी गोष्ट ऐकतंय. शिक्षक मध्ये मध्ये करत नसत, पण नजर सगळ्यांवर.

ताराबाईंनी १९२३ साली राजकोटची मोठी नोकरी सोडली आणि गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. संघाचं शिक्षणपत्रिका हे मासिक आधी गुजरातीत होतं, नंतर ताराबाईंनी ते मराठीतही चालवलं. आईबापांना आणि शिक्षकांना मूल समजावून सांगायचं, हे त्या मासिकाचं काम. बालकांचा हट्ट, बालविकास व शिस्त अशी पुस्तकंही त्यांनी लिहिली.

रोमच्या गरीब वस्तीतली पद्धत

भावनगरात जी पद्धत वापरत होते, तिचं मूळ इटलीत होतं. मारिया माँटेसरी या डॉक्टर बाईंनी १९०७ साली रोम शहरातल्या मजुरांच्या वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. मोठी माणसं कामावर गेली की पोरं जिन्यात धिंगाणा घालायची, भिंती खराब करायची, म्हणून त्यांना कुठंतरी बसवायचं, इतकाच सुरुवातीचा हेतू. पण माँटेसरीबाईंना दिसलं की हाताला योग्य वस्तू मिळाली तर हीच पोरं तासन्‌तास एका जागी रमतात.

त्यांनी त्यासाठी खास साहित्य तयार केलं. उदाहरणार्थ, लाकडी ठोकळ्यात दहा भोकं आणि दहा दट्ट्या. प्रत्येक दट्ट्या एकाच भोकात बरोबर बसतो. चुकला तर शेवटी एक दट्ट्या उरतो आणि मुलाला स्वतःलाच कळतं की कुठंतरी गडबड झाली. कुणी ओरडायची गरज नाही. एक सेंटीमीटरपासून दहा सेंटीमीटरपर्यंतचे दहा चौकोनी ठोकळे एकावर एक रचायचा मनोराही असाच.

गंमत बघा. पद्धत जन्मली मजुरांच्या पोरांसाठी. आपल्याकडं आली तेव्हा मात्र साहित्य महागडं म्हणून ती शहरातल्या पैसेवाल्यांच्या मुलांपुरती राहिली. ताराबाईंना हे खटकत होतं. भावनगर सोडून मुंबईला आल्यावर १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केलं. बालवाडी चालवायची आणि बालशिक्षिका तयार करायच्या, दोन्ही कामं तिथं सुरू झाली. शिशुविहार नावारूपाला आलं. पण खेड्यातल्या पोरांचं काय, हा प्रश्न काही सुटला नव्हता. आपला बहुतेक देश तेव्हा खेड्यातच राहत होता.

गांधीजीही त्या काळात सांगत होते की शिक्षण सात वर्षांपासून नाही, मूल जन्मल्यापासून धरलं पाहिजे आणि ते खेड्याला परवडणारं पाहिजे. ताराबाईंना हे पटलेलं होतंच. आता करून दाखवायचं होतं.

बोर्डी, २४ डिसेंबर १९४५

त्या दिवशी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. बोर्डी म्हणजे समुद्रकाठचं गाव, गुजरातच्या हद्दीजवळ. एकीकडं मच्छीमार, दुसरीकडं बागायतवाले, गावाच्या कडेला तेव्हा हरिजनवाडा म्हणत ती दलितांची वस्ती, आणि पूर्वेकडं डोंगराच्या बाजूला वारल्यांचे पाडे.

ताराबाईंच्या सोबतीला आल्या अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. पुढं शिकून त्या पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिक्षिका झाल्या. १९४५ साली एका शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि शहरातली पक्की नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या. पुढची २८ वर्षं गुरू-शिष्येची ही जोडी तुटली नाही.

बालवाडी उघडली खरी, पण दलित वस्तीतली मुलं येईनात. कारणं काय होती? आईबाप पहाटेच मजुरीला जायचे. मोठ्या पोरानं धाकट्याला कडेवर घेऊन घर राखायचं. अंगावर धड कपडा नाही. वर गावातल्या वरच्या जातीच्या पोरांशेजारी बसायचं, तर दोन्हीकडच्या लोकांच्या मनात अढी. सरकारी शाळेनं अशा वेळी गैरहजेरी मांडली असती आणि काम संपलं असतं.

अंगणात भरलेली बालवाडी

ताराबाईंनी वेगळा रस्ता काढला. मुलं बालवाडीकडं येत नसतील तर बालवाडीनं मुलांकडं जायचं. शिक्षिका साहित्य पिशवीत भरून वस्तीवर जाऊ लागल्या. एखाद्या घरापुढचं अंगण झाडून घ्यायचं, पोरं गोळा करायची, हातपाय-तोंड धुवायचं, नखं कापायची, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी आणि खेळ. तिला नाव पडलं अंगण-बालवाडी. आजच्या अंगणवाडी या शब्दाचं मूळ ते हेच.

अंगणात शाळा नेल्यानं एक मोठी गोष्ट झाली. आईला, आजीला दारात बसून दिसायला लागलं की आपलं पोर काय करतंय. शाळा म्हणजे दूरची, साहेबांची जागा, ही भीती गेली. धाकटं भावंड कडेवर असलेलं पोरही तिथं बसू शकत होतं.

पण अंगणात शिकवायचं कशानं? शहरातले पॉलिश केलेले लाकडी ठोकळे बोर्डीच्या वाड्यावर नेणं परवडणारं नव्हतं. एक वस्तू हरवली तरी संच बिघडायचा. मग ताराबाई-अनुताईंनी आजूबाजूला बघितलं. समुद्रावर शंख-शिंपले फुकट. झाडाखाली बिया. ओढ्यात गोल गोटे. पानं, फुलं, काटक्या, माती, वाळू. बालशिक्षणाचं साहित्य गावातच पडलेलं होतं.

शिंपल्याचा खेळ आणि ठोकळ्याचा खेळ

इथं एक फरक नीट समजून घेण्यासारखा आहे. लाकडी दट्ट्या एकाच भोकात बसतो. त्या खेळाला एकच बरोबर उत्तर आहे. त्याचाही उपयोग होतो. डोळा आणि हात तयार होतात, लहान-मोठं कळतं. पण शिंपल्यांच्या ढिगाला एक उत्तर नसतं.

समजा चार वर्षांच्या पोरापुढं ओंजळभर शिंपले आणि गोटे ठेवले आणि काहीच सांगितलं नाही. एक पोर त्यांची लांब ओळ लावेल, ती ओळ त्याची आगगाडी. दुसरं लहान-मोठे वेगळे करेल. तिसरं पांढरे एकीकडं, तपकिरी दुसरीकडं टाकेल. चौथं मधे गोटा ठेवून भोवती शिंपले लावेल आणि फूल झालं म्हणेल. एखादं नुसतं कानाला लावून बसेल. कुणाचंही चुकलेलं नाही.

आणि या प्रत्येकात शिक्षण आहे. ओळ लावणाऱ्याचं पुढं-मागं आणि क्रम पक्का होतो. वेगवेगळे ढीग करणारा वर्गवारी शिकतो, गणिताची पहिली पायरी तीच. फूल करणाऱ्याला आकार आणि तोल कळतो. कुठला ढीग मोठा, कुणाकडं जास्त, यावरून भांडण झालं की एकास एक लावून मोजणं आपोआप येतं. वाळू आणि पाण्याचंही तसंच. नारळाच्या करवंटीनं लोट्यात पाणी ओततानाच किती करवंट्यांनी लोटा भरतो, हे मूल हातानं शिकतं. आकडा नंतर आला तरी चालतो, माप आधी हाताला कळतं.

बालशिक्षणात याला मुक्त खेळ किंवा मुक्त व्यवसाय म्हणतात. मुक्त म्हणजे मोकाट नव्हे. वस्तू कुठल्या ठेवायच्या ते शिक्षिका आधी ठरवते. किती ठेवायच्या ते ठरवते. कुणी कुणाला मारायचं नाही, खेळ झाला की वस्तू जागच्या जागी, हे नियम असतात. मात्र त्या वस्तूंचं काय करायचं, हे मूल ठरवतं. मोठ्यांनी गप्प बसून बघायचं. हेच सगळ्यात अवघड, कारण मोठ्यांचा हात शिवशिवतो. पोराचं चुकतंय असं वाटतं आणि आपण हातातून ओढून करून दाखवतो. तिथंच पोराचा विचार थांबतो.

प्रश्न विचारण्याचीही रीत असते. किती शिंपले आहेत, असं विचारलं तर एक आकडा येतो आणि गप्पा संपतात. हे कसं केलंस, याचं आणखी काय करता येईल, असं विचारलं तर पोर बोलायला लागतं. जे पोर चारचौघांत तोंड उघडत नाही तेही आपल्या आगगाडीबद्दल भरभरून सांगतं. आणि ते आपल्या घरच्या बोलीत सांगतं, मग ती वारली असो, मांगेली असो. तिला चूक म्हणायचं कारण नाही.

कोसबाडची टेकडी आणि कुरणशाळा

१९५७ साली संस्थेचं काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाई तेव्हा पासष्टीला आलेल्या. त्या वयात माणूस काम आवरतं घेतो. इथं तर डोंगर, जंगल आणि चहूबाजूंनी वारल्यांचे पाडे.

बोर्डीच्या दलित वस्तीपेक्षा कोसबाडचं दुखणं वेगळं होतं. वारली घर दारिद्र्यात पिचलेलं. पोरं लहानपणापासून कामाची. मुलगा सहा-सात वर्षांचा झाला की गुरांमागं रानात. मुलगी झाली की धाकटं भावंड तिच्या कडेवर. पाडे लांब लांब विखुरलेले, एका पाड्यावर चार-सहा घरं. अंगणात जावं तर अंगणात पोरं नाहीतच.

मग ताराबाई-अनुताईंनी पुन्हा शाळेलाच वळवलं. पोरं गुरांमागं कुरणात असतात ना, तर शाळा कुरणात. हीच कुरणशाळा. गुरं चरतायत, गुराखी झाडाखाली बसलेत आणि शिक्षिका तिथंच शिकवतेय. रानातलं पान, बी, पाखराचं पीस, मातीचा रंग, ढगाची सावली, हीच वस्तुपाठाची सामग्री. वारल्याच्या पोराला झाडं आधीच ओळखता येतात, कुठलं फळ खायचं आणि कुठलं नाही हे त्याला बाईंपेक्षा जास्त कळतं. शाळेनं ते ज्ञान मान्य केलं की पोराची मान वर होते.

मुलींसाठी विकासवाडीची योजना झाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. मोठीनं कडेवरचं बाळ पाळणाघरात ठेवायचं, मधल्याला बालवाडीत सोडायचं आणि आपण शाळेत बसायचं. दिवसा ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी रात्रीची शाळा. आज ऐकायला सोपं वाटतं. पण पोरगी शाळेत का येत नाही, याचं खरं कारण तिच्या कडेवर बसलंय, हे कुणीतरी आधी बघावं लागतं.

मोठे मान, पण काम पाड्यावर

ताराबाई नुसत्या बालवाडीत अडकून पडलेल्या नव्हत्या. १९४६ ते १९५१ या काळात त्या मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. शिक्षणाच्या प्रश्नावर त्यांचा शब्द सरकारदरबारी ऐकला जात होता. १९६२ साली भारत सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं.

पण या सन्मानापेक्षा मोठी अडचण रोजची होती. पैसा कधी पुरला नाही. गावात बालवाडीसाठी शिकलेल्या बाया मिळणं मुश्किल, म्हणून गावातल्याच बायकांना तयार करावं लागे. पोरांना खेळवायला कशाला बाई पाहिजे, असं म्हणणारी माणसं तेव्हाही होती. पोर घरी आलं की आज काय लिहिलं, हे विचारणारे बाप तेव्हाही होते. खेळतंय म्हणजे शिकत नाही, हा समज मोडणं हे निधी जमवण्यापेक्षा कठीण काम होतं.

३१ ऑगस्ट १९७३

या दिवशी वयाच्या ८१ व्या वर्षी ताराबाई गेल्या. कोसबाडचं काम अनुताईंनी पुढं नेलं. ताराबाईंच्या मागं जवळपास दोन दशकं त्या त्याच टेकडीवर राहिल्या. शेवटपर्यंत काम सोडलं नाही. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २७ सप्टेंबर १९९२ ला त्यांचं निधन झालं. बोर्डीत सुरू झालेली संस्था कोसबाडच्या टेकडीवर आजही आहे.

ताराबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना आणली. सुरुवातीला देशभरात ३३ प्रकल्प. आज गावोगाव आहे ती अंगणवाडी याच योजनेतली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पोषणाची माहिती, गरज पडली तर दवाखान्यात पाठवणं आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शाळापूर्व शिक्षण, अशी सहा कामं तिच्याकडं आली. डहाणूच्या अंगणातला शब्द असा देशभर पोचला.

शब्द आला, मोकळेपण किती आलं?

आता खरा प्रश्न. त्या सहा कामांपैकी आहार आणि लस यांचा हिशोब लागतो. वजनाची नोंद होते, मोबाइलमध्ये माहिती भरावी लागते. ती कामं गरजेचीच आहेत. आपल्या जिल्ह्यात कुपोषणानं पोरं गेल्याचं दुःख जुनं आहे, तिथं पोटात अन्न पहिलं. पण सहावं काम, म्हणजे पोराच्या हाताला आणि डोक्याला खाऊ देणं, ते मोजता येत नाही म्हणून मागं पडतं. एका ताईवर किती कामं आहेत ते बघितलं तर तिला दोष देता येत नाही.

दुसरीकडं पालकांची घाई. शेजारच्या गावात इंग्रजी बालवर्ग निघाला की तीन वर्षांच्या पोराच्या पाठीवर दप्तर येतं. चौथ्या वर्षी त्याला ए बी सी डी लिहिता आली पाहिजे. आली नाही तर बापाला वाटतं फी फुकट गेली. पोराची बोटं अजून पेन्सिल धरण्याइतकी घट्ट झालेली नसतात. ती घट्ट होतात माती मळून, बिया निवडून, दोरा ओवून. ताराबाई अंगणात तेच करून घेत होत्या आणि त्यासाठी फी लागत नव्हती.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही पहिलीच्या आधीची तीन वर्षं शिक्षणाच्या पायात धरली आहेत आणि ती खेळातून, हाताळणीतून जावीत असं म्हटलं आहे. म्हणजे बोर्डीच्या अंगणात जे झालं त्याच दिशेनं ७५ वर्षांनी देशाचं धोरण आलं. कागदावरचं खाली यायला मात्र गावाची साथ लागते.

घरी आणि गावात करता येण्यासारखं

यासाठी सरकारी निधीची वाट बघायला नको. घरातल्या टोपलीत दहा-बारा गोष्टी ठेवल्या तरी पुरतं. मोठे शिंपले, गोटे, करवंट्या, मक्याची रिकामी कणसं, बांबूचे तुकडे, जुन्या डब्यांची झाकणं, सुतळी, जाड कापडाचे तुकडे. दर आठवड्याला दोन वस्तू काढाव्यात, दोन नव्या घालाव्यात. पोर टोपली घेऊन बसलं की अर्धा तास त्याला हाक मारू नये आणि हातात मोबाइल देऊ नये.

काळजी दोनच गोष्टींची. तीन वर्षांच्या आतल्या पोरापुढं चिंचोके, वाल, मणी असल्या बारीक वस्तू ठेवू नयेत, घशात अडकतात. नाकात-कानात घालायचीही सवय असते. आणि पाण्याचा खेळ असला की मोठं माणूस शेजारी पाहिजेच, पाणी वीतभर असलं तरी.

अंगणवाडीसाठी गावानं एवढं करावं. वाळूचा एक ढीग, पाण्याची एक परात आणि सावली. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, तेव्हा पोरं सोबत जातात आणि सहा महिने त्यांची अंगणवाडी सुटते. भट्टीवरही अंगण असतंच आणि माती तर भरपूर असते. तिथं रोज दोन तास बसणारी गावातली एखादी शिकलेली पोरगी मिळाली तर ती पोरं पावसाळ्यात परत आल्यावर मागं पडलेली नसतील. पोरं जिथं आहेत तिथं शाळा न्यायची, हा रस्ता डहाणू तालुक्यानं १९४५ सालीच बघितलेला आहे.